पूजेतली तलवार

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चारला चारकोपहून कॅम्पची गाडी सुटणार होती. जुन्या युरोपियन तलवारबाजीचा दोन दिवस सराव. रजा मिळावी म्हणून मी आठवडाभर डबल शिफ्ट केली होती. आता फक्त बॅग भरायची होती. तलवार शोधली, तर ती देवासमोर पाटावर. धार नसलेल्या पात्याला हळदकुंकू, मुठीला झेंडू. शेजारी माझा जाळीचा मुखवटा, त्यालाही कुंकू, आणि आईची विळी.

"आई, ही मला आज न्यायचीय."

"पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही. उद्या सकाळी उचल."

"अगं, ती जर्मन पद्धतीची आहे."

"मग? दसरा चालत नाही तिला?"

"गाडी चारला सुटते गं!"

"वर्षभर आपटतोस तिला. एक दिवस आराम नको?"

तलवारीला आराम मिळतोय हे ऐकून मला तिचा हेवा वाटला. वाद घालायचं त्राण अंगात नव्हतं. मी पाटाशेजारीच फरशीवर आडवा झालो.

"मलापण लाव," मी म्हणालो.

आईने काही न विचारता माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि छातीवर झेंडूचं फूल ठेवलं.

साडेतीनला फोन वाजला. आमच्या ग्रुपमधली चेतना. माझे डोळे उघडेपर्यंत आईने उचललासुद्धा.

"काकू, प्रीतम निघाला ना?"

"नाही गं, तो पूजेत आहे," आई म्हणाली. "उद्या सकाळी उचलता येईल."