गंगूला मिशा आल्या

महाराष्ट्र झाला त्या वर्षी उकंडरावाच्या नाटक कंपनीतली गंगू बंद पडली. गंगू म्हणजे वऱ्हाडभर गाजलेली खाष्ट सासू, आणि तिचं सोंग घ्यायचा फारुख. त्याचं लग्न झालं, बायकोच्या हौसेपायी त्यानं मिशा ठेवल्या, अन् त्या काढायला काही केल्या तयार होईना. चिडून उकंडरावानं गंगूचं अर्धं बसवलेलं नवं नाटकच मोडीत काढलं.

डोणगावच्या खेळात लोक ओरडले, "गंगू काऊन नाही?"

"तिले मिशा आल्या!" उकंडराव खेकसला.

पुढं बसलेली म्हातारी गोजरबाई उठली. "माह्या सासूलेबी होत्या. म्हून काय आम्ही तिले घराबाहेर काढलं?"

मांडव हसून लोटपोट झाला. उकंडरावालाही हसू आवरेना. पडद्याआड तोंड घालून तो म्हणाला, "फारुख्या, लुगडं नेस!"