राणीसरकार आणि खारा बांगडा

मित्रांनो, शिरोड्याच्या एका शाळेतलं मी फणसाच्या लाकडाचं जुनं बाकडं आहे. वर्षभर माझ्यावर नववीची मुलं बसतात आणि जत्रेच्या एका रात्री देवांचा राजा इंद्र बसतो. फरक म्हणाल तर इंद्र कर्कटकानं नाव कोरत नाही.

सत्यवान सुतारानं मला घडवलं. तीन पाय त्यानं मन लावून केले, चौथ्याच्या वेळी त्याला जेवायला हाक आली. तेव्हापासून मी किंचित डुगडुगतं. पण दशावतारी नाटकवाल्यांना रंगमंचावर सामान लागतं ते एवढंच, एक बाकडं. ते दर जत्रेला मला मागून नेतात. मी सिंहासन झालं आहे, रथ झालं आहे, एकदा कैलास पर्वतही झालं आहे. शाळेत परतल्यावर मात्र याची कुणी विचारपूस करत नाही.

यंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळापुढच्या मांडवातच होतं. माझ्यावर गुरुदास झोपला होता. तो एरवी रिक्षा चालवतो आणि नाटकात राणी होतो. डोळ्यांतलं काजळ अजून पुसलेलं नव्हतं. तेवढ्यात नववीतली रसिका भाषणाचे अकरा कागद घेऊन आली आणि खांबाकडे तोंड करून पाठांतर म्हणू लागली.

तिची आई सुकी मासळी विकते. खारवलेला बांगडा कुजत का नाही, असा रसिकाचा प्रकल्प होता. शुक्रवारी तालुक्याचे परीक्षक येणार होते. गेल्या वर्षी ती अशीच परीक्षकांपुढे उभी राहिली, ‘आदरणीय’ म्हणाली आणि पुढचं काही आठवेना म्हणून खाली बसली. तेव्हापासून वर्ग तिला आदरणीय म्हणतो. बिचारी हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात ‘हजर’ म्हणते.

खांबापुढेही ती चौथ्या ओळीला अडकली. गुरुदासनं एक डोळा उघडला.

“चेडवा, पाठ कित्याक करतंस? आमच्या नाटकाक पुस्तक नसता. गोष्ट ठावक आसली म्हणजे झाला.”

“आणि मधीच काय सुचला नाय तर?”

“माका कितीदा सुचना नाय. मगे मी सावकाश बाकड्यार बसतंय. लोकांका वाटता, राणी इचार करता.”

एवढं सांगून राणी पुन्हा घोरू लागली.

शुक्रवारी मला शाळेच्या सभागृहात पुढे ठेवलं होतं. रसिका उभी राहिली. ‘आदरणीय’ म्हणाली. आणि तिथंच अडली. मागे तिच्या वर्गातला ओमकार फिसकन हसला. तिचे पाय लटपटताना मला स्पष्ट दिसत होते. त्या विषयातलं मला थोडं कळतं.

आणि ती सावकाश माझ्यावर बसली. परीक्षक समोर उभे असताना, पदर सावरल्यासारखी ओढणी सावरून, ती बसली. मी श्वास रोखून न डुगडुगता उभं राहिलं.

“प्रधानजी,” ती ओमकारकडे बघून म्हणाली, “बांगडा हजर करा.”

ओमकारचे पाय त्याला न विचारता उठले. तो ताट घेऊन आला. मग रसिकानं बांगड्याची सगळी हकीकत सांगितली: मीठ माशातलं पाणी कसं ओढून घेतं, आणि कुजवणारे जंतू पाण्यावाचून कसे हतबल होतात. परीक्षकांनी मिठाचं प्रमाण विचारलं.

“आई मुठीनं घालते, सर. मी सात वेळा तिच्या मुठीतल्या मिठाचं वजन केलं. दर वेळी साठ ग्रॅमच्या आसपास.”

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बांगडा विकत मिळेल का, असंही हळूच विचारलं. प्रकल्पाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्वालामुखीला गेला. ज्वालामुखीपुढे मासळीचं काय चालणार? पण वर्ग आता तिला राणीसरकार म्हणतो, आणि हजेरीला तिचा ‘हजर’ पार मैदानापर्यंत ऐकू येतो.

मित्रांनो, बाकड्यांना जपा. कोरू नका, नाचू नका. आणि माझ्या चौथ्या पायाखाली कागदांची एक जाड घडी दिसेल, ती तेवढी काढू नका. रसिकानं त्याच दिवशी तिथं ठेवली आहे. पुरे अकरा कागद आहेत. भाषणाचा इतका उपयोग झालेला मी आजवर पाहिला नव्हता. आता मी अजिबात डुगडुगत नाही.