क्लेमंटची वाकडी वाट

मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या क्लेमंटने डेव्हनमधल्या आपल्या घरापुढची बाग दोरी लावून आखली. फाटकापासून दारापर्यंत विटांची सरळ वाट, दोन्हीकडे लव्हेंडर. पुढच्या जूनमध्ये वाटेच्या मधोमध, विटांच्या फटीतून उगवलेला गुलखैरा त्याच्या खांद्याला लागला. तो फावडं घेऊन निघाला, तशी बायको हेस्टर आडवी आली.

"हात तर लावून बघ! इतकं देखणं झाड!"

"वाट अडवणारं कधी देखणं असतं का?"

"मग आत्ता तुझी वाट कोणी अडवलीय?"

क्लेमंट खो खो हसला. गुडघे टेकून त्याने विटा उपसल्या आणि वाट झाडाला वळसा घालून नेली. संध्याकाळपर्यंत तो तिच्यावरून सहा वेळा विनाकारण चालून आला.