आत्या बसली की बल्ब लागतो

कॉलेजात जाणाऱ्या लेकीला घरात सगळे खटपटी म्हणत. मिक्सर उघड, इस्त्री उघड, असे तिचे उद्योग. बाबांच्या जुन्या गाडीत स्टिरिओ बसवायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं, तेव्हाच बाबांनी कपाळाला हात लावला होता. पण तिनं बसवला. वर दणदणीत आवाज हवा म्हणून डिक्कीत अॅम्प्लिफायर ठेवला, त्याची वायर मागच्या सीटखालून पुढे आणली आणि करंट घेतला हॉर्नच्या फ्यूजवरून.

तेव्हापासून फ्यूज उडायला लागला. गाणंही बंद, हॉर्नही बंद. बाबा एकटे ऑफिसला गेले तर गाडी शहाण्या बाळासारखी वागे. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून निघाले, की उडालाच.

"तू करून ठेवलंयस, तूच निस्तर," बाबा म्हणाले.

खटपटीनं फ्यूज काढून त्या जागी एक बल्ब जोडला आणि डॅशबोर्डवरून लोंबता सोडला. वायर कुठं शॉर्ट झाली तर तो पेटणार. तिनं दारं आपटली, स्टिअरिंग गरगर फिरवलं, डॅशबोर्डला बुक्क्या घातल्या. बल्ब ढिम्म.

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतली, सुट्टीच्या दिवशी कायम बरोबर येणारी आत्या आली. बाबांची थोरली बहीण, अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून. "मला शिंप्याकडे सोडणार होतास ना?" म्हणत ती ऐटीत मागच्या सीटवर बसली.

बल्ब लख्ख पेटला.

चष्मा विसरला म्हणून आत्या उतरली. बल्ब विझला. परत येऊन बसली. पेटला.

"सांगू का तिला?" खटपटी बाबांच्या कानाशी कुजबुजली.

"खबरदार! महिनाभर बोलणार नाही माझ्याशी." बाबा जरा थांबले. "तसं ते वाईट नाही म्हणा. पण नको."

मग खटपटीनं थाप ठोकली. "आत्या, मागचा स्पीकर कुठं लावायचा ते ठरवायचंय. तुझ्या कानाची उंची बघते. जरा डावीकडे सरक ना."

आत्या सरकली. बल्ब विझला.

"आता उजवीकडे." पेटला.

"आता जरा वरखाली हो बघू." बल्ब लुकलुकायला लागला.

"कान मोजायला उड्या माराव्या लागतात होय गं?" आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. "मघापासून बघतेय. मी बसले की उजेड, उठले की अंधार. मी काय बटण आहे?"

बाबा घाईघाईनं बुटाची नाडी बांधायला वाकले.

"नाडी राहू दे. तू ये इकडे, बस माझ्या जागी."

"मी कशाला? मी तर कायम पुढे..."

"बस म्हणते ना!"

बाबा पोट आत ओढून सीटच्या कडेला टेकले.

"नीट बस. आता श्वास सोड."

बाबांनी श्वास सोडला. बल्ब लख्ख! हसता हसता आत्याला डोळे पुसावे लागले.

मग खटपटीनं स्वतः बसून पाहिलं. अंधार. तिनं सीट उचलली. सीटची स्प्रिंग वायरवर घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. नेमकी तिथूनच वायर न्यायची अक्कल आपलीच, हे तिला मुकाट्यानं गिळावं लागलं. तेवढा तुकडा कापून तिनं नवा जोडला, वर टेप गुंडाळली, वायर दाराकडच्या गालिच्याखालून नेली आणि फ्यूज जागेवर बसवला.

शिंप्याकडे जाताना आत्या पुढे बसली, बाबांची रवानगी मागं झाली. खटपटीनं मुद्दाम गाडी खड्ड्यातून घातली. बाबा चांगले उडून आदळले, पण फ्यूज शाबूत. हॉर्न वाजला, गाणंही दणदणलं.

"आवाज कमी कर!" बहीणभाऊ एकदम ओरडले.