घोंगडं कुणाचं

पुण्याहून आलेल्या बाईनं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडले, तेव्हा रतन समोरच्या पडवीत चरख्यावर सूत कातत होती. तिच्या हातातलं सूत तुटलं.

बाई जीन्स घालून आली होती. खड्ड्याच्या काठावर बसून तिनं दोन्ही पाय खाली दाबायच्या पावड्यांवर ठेवले आणि मान वळवून हसत म्हणाली, "आबा, आता काय करू?"

रतनचा बाप गेणबा तिच्याशेजारी वाकला. तिचा हात धरून त्यानं आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर ठेवला. "आता ह्यो धोटा सरळ फेकायचा. भ्यायचं न्हाई. तुटलं तर जोडू की आपण."

तुटलं तर जोडू. बापाच्या तोंडून हे शब्द रतननं जन्मात ऐकले नव्हते.

गेणबाच्या घरात बाईनं मागावर बसायचं नाही, हा नियम होता. रतनची आई रंगुबाई लोकर धुवायची, पिंजायची, कातायची, चिंचोके शिजवून खळ करायची. सकाळच्या उन्हात अंगणात उभ्या सुताचा ताणा पसरला की कुंच्यानं त्याला खळ लावायची. पण तो ताणा मागावर चढला की तिचं काम संपलं. शाळेत जायच्या वयाची असताना रतन एकदा आबा बाजाराला गेलेले बघून खड्ड्यात उतरली होती. ते परत आले आणि त्यांनी पाहिलं. मारलं नाही. मागावरचं अर्धं विणलेलं घोंगडं कापून काढलं आणि चुलीत घातलं. जळक्या लोकरीचा वास कितीतरी दिवस घरातून गेला नाही. त्यानंतर रंगुबाई लेकीला मागाच्या खोलीत झाडू मारायलासुद्धा पाठवेना.

ही विद्या संपतनं घ्यावी, अशी गेणबाची फार इच्छा होती. संपत म्हणजे रतनचा धाकटा भाऊ. त्याला मागाकडं ढकलून बसवावं लागायचं. दहावी झाल्यावर तो जो रांजणगावच्या कंपनीत चिकटला, त्यानं धोट्याला पुन्हा हात लावला नाही. रतनला दौंडला दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ती बोचकं घेऊन माघारी आली. तोवर आई गेली होती. रतननं आईचा चरखा पुढ्यात ओढला आणि बाप विणेल तितकं सूत त्याला पुरवत राहिली. मग गिऱ्हाईक आटलं, माग बंद पडला आणि त्याच्यावर कांद्याच्या पिशव्या येऊन बसल्या.

अशात विश्वजीत आला. पुण्याचा, शिकलेला, बोलायला गोड. शिरूर-चौफुला रस्त्यावर न्हावऱ्याच्या पुढं त्यानं जागा घेतली, दगडी जोत्याच्या खोल्या बांधल्या आणि 'लोकरघर' अशी पाटी लावली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन यायची. रांजणगावचा गणपती करायची, इनामगावला नदीकाठची जुनी वस्ती उत्खननात निघाली ती जागा बघायची, पिठलं-भाकरी खायची आणि दुपारभर कातायला, विणायला शिकायची. गेणबाला विश्वजीतनं शिकवायला बसवलं आणि नवा लाल पटका दिला. सगळे त्याला 'मास्टर' म्हणू लागले. बोलण्यात काटकसर करणारा माणूस, पण पाहुण्यांपुढं त्याची जीभ सैल सुटायची. रतन पडवीत बसून सूत काताना दाखवायची. पाहुणे तिचेही फोटो काढायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर बापाला ताट वाढता वाढता ती म्हणाली, "आबा, आज ती बाई मागावर बसली."

"बसली. बरा हात हाय तिचा."

"मग मला बी शिकवा की."

गेणबानं भाकरी मोडली. "त्या पाहुण्या हायती. दोन तास बसत्यात आन् जात्यात. तू घरची हायस."

"म्हणूनच म्हणते, घरची हाय."

"घरच्या बाईला घरची रीत असती, रतन. पाणी दे."

तिनं पाणी दिलं.

पुढच्या हिवाळ्यात विश्वजीतनं मोठा कोर्स काढला. एका दिवसाचा नाही, चांगला काही महिन्यांचा. जुनं विणकाम शिकायचं आणि त्यातून नव्या चालीच्या वस्तू करायच्या. पिशव्या, उशांचे अभ्रे, भिंतीवर लावायचे तुकडे. कोर्सला सरकारी मदत होती आणि त्यासाठी स्थानिक बायका हव्या होत्या. शिरूरची अफरीन आली. तिचे वडील वजीर यांचं गाद्या भरायचं दुकान होतं, लोकर-कापसात ती लहानाची मोठी झालेली. आणखी दोघी-तिघी आल्या. तरी एक जागा रिकामीच राहिली.

विश्वजीत म्हणाला, "आबा, रतनताईच बसू देत ना. तुम्ही सगळ्या जगाला शिकवताय."

गेणबा पटका सारखा करत म्हणाला, "तिला न्हाई बसायचं."

रतन तिथंच लोकर पिंजत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला बसायचं हाय."

विश्वजीतनं हसून वेळ मारून नेली आणि तिचं नाव घेतलं. परक्या माणसांपुढं गेणबानं ते चालवून घेतलं. पण त्या संध्याकाळी त्यानं तिनं वाढलेल्या ताटाला हात लावला नाही. उठला आणि वस्तीवर संपतच्या घरी जाऊन जेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. सून पूनम त्याला दोन्ही वेळचं वाढू लागली. रतन रोज त्याच्या वाटच्या भाकरी करायची आणि सकाळी कुत्र्याला टाकायची.

कोर्समध्ये तो सगळ्यांना शिकवायचा, फक्त तिला सोडून. मागांच्या ओळीतून फिरता फिरता अफरीनच्या मागापाशी थांबायचा, सूत घट्ट बसवायला फणी कशी ठोकायची ते हात धरून दाखवायचा, आणि मग रतनचा माग जणू तिथं नाहीच, असा पुढं जायचा. पहिल्या आठवड्यात रतनचे पाय आणि हात जुळायचे नाहीत. धोटा दर फेकीला खाली पडायचा.

जेवणाच्या सुट्टीत अफरीन तिच्याजवळ येऊन बसली. "रतनताई, इकडं बघा. आबांनी मला दाखवलं ते मी तुम्हाला दाखवते. पाय आधी, मग हात."

"तुला रागवतील."

"रागवू देत. मला काय, मी कोर्स झाला की शिरूरला चालले. तुम्हाला रोज त्याच घरात राहायचंय."

अशी ती शिकली. बापाची विद्या बापाच्याच समोर, पण दुसरीच्या हातून. सुरुवातीचे तुकडे वेडेवाकडे झाले. कडा कुठं आत गेलेल्या, कुठं बाहेर आलेल्या. कितीदा तिनं उसवून पुन्हा घातलं. बाकीच्या जणी पिशव्या आणि अभ्रे करत होत्या. रतननं मात्र पूर्ण घोंगडं धरलं. लोकर तिनं स्वतः निवडली, काळ्या मेंढ्यांची, जावळाची, म्हणजे पहिल्या कातरणीची मऊ. सूत आईच्या चरख्यावर कातलं. काठाला पांढऱ्या लोकरीच्या बारीक रेघा घेतल्या आणि त्यांच्यामध्ये तिच्या मनातनं आलेली एक नागमोडी ओळ, घोड नदी वरनं दिसावी तशी. विणता विणता तिला खाण्यापिण्याचं भान राहायचं नाही. एकदा ती आपल्याशीच हसली, तेव्हा मान वर केली तर गेणबा लांबून बघत होता. तो लगेच वळला.

कोर्सचा शेवटचा कार्यक्रम दौंडला एका मंगल कार्यालयात ठरला. बाहेरून एक मोठ्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या, वस्तू मांडायच्या होत्या, प्रमाणपत्रं द्यायची होती. दौंड म्हणजे रतनचं सासर. त्या गावातून ती मान खाली घालून निघाली होती. तिनं आईचं जुनं हिरवं लुगडं नेसलं. सासरकडचं कुणीतरी येईल, निदान कुणाच्या तरी कानावर जाईल की टाकलेल्या रतनचं नाव मंचावर घेतलं, असं तिला वाटत होतं. अफरीननं तिच्या केसांत गजरा माळला. "आज तुमचा दिवस हाय," ती म्हणाली.

टेबलं मांडली होती. पाहुण्या एकेक वस्तू बघत आल्या आणि काळ्या घोंगड्यापाशी थांबल्या. त्यांनी ते दोन्ही हातांत उचलून गालाला लावलं. नागमोडी काठावरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

रतननं पदर सावरला. एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्या वेळात गेणबा म्हणाला, "माझं हाय."

रतनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिनं विश्वजीतकडं बघितलं. त्याला माहीत होतं. रोज तिच्या मागापाशी उभा राहून त्यानं फोटो काढले होते. तो क्षणभर गोंधळला, मग पाहुण्यांकडं वळून म्हणाला, "आबांच्या घराण्याची कला आहे ही. पिढ्यान्‌पिढ्यांची."

"सर, ते रतनताईंनी केलंय," अफरीन मागून म्हणाली. आवाज मोठा होता, पण त्याच वेळी कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळेच टाळ्या वाजवू लागले. पाहुण्यांनी गेणबाच्या खांद्यावर शाल घातली. घोंगडं पुण्यातल्या एका दालनात लावायचं ठरलं, खाली मास्टर गेणबा असं नाव लिहून. रतनला सगळ्यांसारखं एक प्रमाणपत्र मिळालं.

निघताना विश्वजीतनं तिला बाजूला घेतलं. "रतनताई, मनाला लावून घेऊ नका. आबांच्या नावानं लोकरघर चालतंय. ते चाललं तर सगळ्यांचंच भलं आहे. पुढच्या वेळी बघू ना आपण तुमचं."

"तुमास्नी म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"हो, पण तिथं सगळ्यांसमोर आबांना खोटं कसं पाडायचं?"

रतन गाडीत जाऊन बसली.

त्या संध्याकाळी गेणबा संपतकडं गेला नाही. हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. "वाढ गं," म्हणाला. इतक्या महिन्यांनी तिच्या हातचं मागत होता. आवाजात राग नव्हता. दिवसभर मिळालेल्या मानानं तो सुखावला होता.

रतननं ताट पुढं ठेवलं. "आबा, तुम्ही माझं का म्हणालात?"

त्यानं खरोखरच नवल वाटल्यासारखं तिच्याकडं बघितलं. "मग कुणाचं म्हणू? माग माझा, विद्या माझी, लेक माझी."

"तुम्ही मला धोटा कसा धरायचा ते बी दावलं न्हाई."

"न्हाई दावलं. तरी आलंच न्हवं? रगत माझंच हाय." त्यानं कालवणात भाकरी कुस्करली. "चांगलं झालंय घोंगडं. काठ तर लई नामी."

तिला वाटलं होतं, तो ओशाळेल, चिडेल, निदान नजर चुकवेल. तो चवीनं जेवत होता. ती उठून बाहेर ओट्यावर बसली. त्याला आणखी भाकरी हवी होती, त्यानं हाक मारली. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कातणं बंद केलं. चरखा उचलून माळ्यावर टाकला. गेणबानं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. विश्वजीत घरी येऊन गेला, गोड बोलून गेला. रतननं चरखा खाली काढला नाही. तिच्या सुताशिवाय लोकरघर किती दिवस चालतं, तेच तिला बघायचं होतं. सूत नाही तर ताणा नाही. ताणा नाही तर मास्टर काय विणणार?

लोकरघर एक दिवसही बंद पडलं नाही. टेम्पोतून गिरणीच्या सुताच्या गोण्या आल्या, रंगवलेल्या, एकसारख्या. शनिवारी पाहुणे आले, त्यांनी ते सूत मागावर घातलं, फोटो काढले आणि खूश होऊन गेले. फरक कुणालाच कळला नाही. गेणबाला कळला असेल. तो तेच सूत विणत राहिला.

रतन रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली. कंपनीची बस फाट्यावर यायची. पिठाचे डोंगर मळायचे, चपात्या लाटायच्या, परप्रांतातल्या पोरांना वाढायचं. "दीदी, थोड़ा और," ती पोरं म्हणायची, आणि रतन वाढायची. हात दुखायचे, पण तिथं तिच्या चपातीला कुणी आपली म्हणत नव्हतं. अफरीनचा फोन यायचा. तिनं गाद्यांच्या दुकानामागं माग टाकला होता. "या ना रविवारी, बसा इथं. तुमच्या नावानं विकू." रतन एकदा गेली. मागापुढं बसली, दोन-चार धोटे फेकले. मग म्हणाली, "आज नगं, अफरीन." अफरीननं चहा केला. त्यानंतर रतन गेली नाही.

एका रविवारी पूनम आली. अंगावर नऊवारी, नाकात खोटी नथ. दोन्ही विश्वजीतनं दिलेली. लोकरघराच्या पडवीत नव्या चरख्यापुढं बसायला आता तिला ठेवलं होतं.

"वन्सं," ती संकोचून म्हणाली, "मला कातता येत न्हाई वो. मोबाईलवर बघून करते, पण सूत तुटतंय. काल एका बाईनं विचारलं, तुम्ही कधीपासून करता, तर मी म्हणलं लहानपणापासून. लाज वाटली. तुम्ही दाखवा ना मला."

पूनमचा काही दोष नव्हता. ती भाबडी बाई होती, आणि दोन वेळचं रांधून थकलेली. रतननं तिच्या हातातला पिंजलेल्या लोकरीचा पेळू घेतला, बोटांत धरला. बोटं आपोआप वळू लागली. पूनम पुढं सरकून बघू लागली.

रतननं पेळू तिच्या हातात परत कोंबला.

"मला येत न्हाई," ती म्हणाली.

"असं काय वो वन्सं?"

"येत न्हाई म्हणलं ना. जा तू."

पूनमचे डोळे भरले. ती नऊवारीचा ओचा सावरत उठली आणि रस्त्याला लागली. लोकरघरात दुपारची गाडी यायची वेळ झाली होती. रतन तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत दारात उभी राहिली. हाक मारावी, असं एकदा तिच्या ओठापर्यंत आलं. पूनम वळणाआड गेली. रतन आत आली, कँटीनचा निळा एप्रन बादलीत भिजत घातला होता तो काढला आणि दगडावर जोरजोरात घासू लागली.