सगळ्या फायली तपासल्या

हॉटेलात मेनू बघायचा, मशीनवर हुकूम सोडायचा. माझं हे बोलणं सांगलीच्या आमच्या संस्थेत सगळ्यांना इतकं पाठ हुतं की मी दारात दिसलो की चहावाला आकारामबी म्हणायचा, आला हुकूमवाला. मी साताऱ्याचा गडी, फौजेत सिग्नलला वीस वर्षं काढली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, टाइप केलं की काम फत्ते. पेन्शनीत आल्यावर संस्थेचं सर्व्हर सांभाळाया लागलो, तवाबी तोच खाक्या.

आमची संस्था म्हाताऱ्या माणसांची गाणी जपून ठेवती. माधवनगरच्या गिरणीत राबलेल्या त्रेसष्ट बायकांच्या ओव्या आमच्या डिस्कवर हुत्या. त्यातली एक राजमतीबाई, माझ्या हाताखालच्या श्रेणिकची आई. तिचं रेकॉर्डिंग झालं तवा तो पुण्यात नोकरीला हुता. आई गेल्यावर परत आला, पण ते ऐकायचं धाडस काय त्याला हुईना. म्हणायचा, वर्ष हुईल त्या दिवशी ऐकतो, काका. घरीबी नेलं न्हाई.

त्यानं सर्व्हरवर मेनूचं साधन बसवलं. यादीतनं निवडायचं, बटण दाबायचं. काय पुसायचं म्हटलं की ते आधी पडदाभर विचारायचं, सांगलीचं मशीन का साताऱ्याच्या शाखेचं, नक्की ना? माझं डोस्कंच फिरायचं. हुकूम एकदाच द्यायचा असतो, उलटा सवाल करतो तो शिपाई कसला? एकदा चारचौघांत त्याला म्हणालो, तुला मशीन न्हाई, बोट धरायला आई पायजे. राजमतीबाईंना जाऊन तवा चार महिनं झालं हुतं. माझी जीभ कशी झडली न्हाई, देव जाणे. पोरगा नुसता खाली बघून हसला.

ओव्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. ती ठेवायसाठीच साताऱ्याच्या शाखेत आणखी एक जुनं मशीन घेतलं. आधी त्याची डिस्क पुसायची, मग सांगलीहून सगळं तिकडं पाठवायचं. श्रेणिक म्हणाला, मेनूतनं करू. मी त्याला बाजूला सारलं. दोन काळ्या खिडक्या उघडल्या, एक सांगलीची, एक साताऱ्याची, दोन्ही जुळ्या भावांगत. मधीच शाखेतनं फोन आला. बोलता बोलता खिडकी बदलली गेली आणि बोटांनी सवयीनं हुकूम सोडला. हा हुकूम नुसतं खोडत न्हाई, वरनं शून्यं भरत जातो. फोन ठेवून बघतो तर ओळीच्या सुरवातीला बारीक अक्षरांत सांगली.

थांबवलं, पण गाणी सगळी डिस्कच्या सुरवातीलाच हुती. कसलाबी सवाल न करता गेली. माझ्या हातनं झालं, असं मी श्रेणिकला तिथंच सांगितलं. तो उठून बाहेर गेला, नळावर तोंड धुऊन आला आणि डिस्क खोलून पुण्याला, पुसलेलं परत काढणाऱ्यांकडं पाठवायच्या तयारीला लागला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी पुण्यातनं डिस्क परत आली. काय निघालं न्हाई. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी मूळ कार्डं कवाच दुसऱ्या कामाला वापरली हुती, आणि त्रेसष्टातल्या कुणी काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मग राजमतीबाईंचं वर्ष आलं. श्रेणिक सकाळी जैन बस्तीत दर्शन घेऊन तसाच कामावर आला. कपाटातनं सर्व्हरच्या तपासणीचं रजिस्टर काढून त्यानं माझ्यापुढं उघडलं. दिवाळीच्या पानावर माझं अक्षर हुतं, सगळ्या फायली तपासल्या, खाली सही.

"काका, हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"मग आईचं तुमी ऐकलं आसंल." तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. "काय म्हणत हुती ती?"

तपासायचा माझा एक हुकूम हुता. त्यो फायली मोजायचा, आकार ताडून बघायचा आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट बरोबर म्हणून सांगायचा. दोन सेकंदात काम व्हायचं आणि मी रजिस्टरवर सही ठोकायचो. कानाला त्यात कामच नव्हतं.

तो माझ्या तोंडाकडं बघत बसला हुता.

"एकतीस एमबी हुती रं," मी म्हणालो. "मला तेवढंच ठावं हाय."