गोपिकेनं दाखवलेलं नागपूर

नरखेडजवळच्या एका खेड्यात रुपरावांची संत्र्याची बाग होती. दर बहाराला ते माल घेऊन आगगाडीनं नागपूरला जात, विकत आणि मिळेल त्या गाडीनं परत येत. बारा-तेरा वर्षं हे चाललं होतं. त्यांची बायको गोपिका मात्र काटोलच्या पुढे कधी गेली नव्हती.

१९३६ सालचा पौष होता. आंबिया बहाराची संत्री काढून झाली होती, ज्वारी अजून शेतात उभी होती. एका सकाळी भाकरी वाढता वाढता गोपिका म्हणाली, "अवो, मले नागपूर पाह्याचं हाये."

"काय पाहतं वं तिथं? नुसती गर्दी हाये."

"तुमी काय काय पाह्यलं?"

रुपरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "टेसन पाह्यलं. बाजार पाह्यला." मग थोडं आठवून म्हणाले, "एकडाव दुरून किल्ला दिसला होता."

 दुपारी गोपिका गणपतराव मास्तरांच्या घरी गेली. मास्तरांची बायको यमुताई नागपूरची, महालात वाढलेली. या खेड्यात येऊन तिला चार वर्षं झाली होती आणि माहेरच्या गल्ल्यांबद्दल तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आता विचारणारी भेटल्यावर तिला किती सांगू असं झालं. डाळ निवडता निवडता ती सांगत गेली आणि गोपिकेनं जमिनीवर चिंचोके मांडले. गोपिकेला अक्षर येत नव्हतं. हा चिंचोका स्टेशन, हा सीताबर्डीचा किल्ला, त्याच्या पलीकडे महाराजबाग, मग जुन्या वस्तूंचा अजब बंगला. मधे जुम्मा तलाव आणि या अंगाला महाल. रोज मांडायचे, रोज मोडायचे. बांगड्यांचा कासार आला तेव्हा तिनं त्यालाही हटकलं, कारण तो नागपूरच्या इतवारी बाजारातून माल आणी. बाजाराच्या दिवशी स्टेशनवर जाऊन गाडीच्या वेळाही विचारून आली.

पंधरा दिवसांनी तिनं नवऱ्यापुढे बेत ठेवला. "शनवारी सकाळच्या गाडीनं जाचं, रवीवारी संध्याकाळच्या गाडीनं वापस. शनवारी अर्धी शाळा, रवीवारी सुट्टी. तेवढ्यात गाईबैल मास्तर पाह्यतात."

"आन् झोपाचं कुठी?"

"यमुताईच्या मायकडे. चिठ्ठी गेली. जवाबही आला."

 रुपरावांना नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं.

नागपूरला उतरल्यावर सवयीनं त्यांचे पाय बाजाराच्या बाजूला वळले. गोपिकेनं त्यांची बाही ओढली. "आज तिकडे नाही." मग टांगेवाल्याला तिनं सांगितलं, आधी महाराजबाग, मग अजब बंगला, आणि संध्याकाळी तलावाच्या काठाकाठानं महालात.

टांगेवाल्यानं विचारलं, "बाई, आप महाल की हो क्या?"

"नाही गा. नरखेडकडची. पयल्यांदाच आली."

त्यानं वळून एकदा तिच्याकडे पाहिलं, मग रुपरावांकडे. रुपराव नुसते हसले.

महाराजबागेत वाघ झोपलेला होता. तरी गोपिका पिंजऱ्यापुढे कितीतरी वेळ उभी राहिली. तिथून ती दोघं अजब बंगल्यात आली. पेंढा भरलेले पक्षी, कोरीव दगड, जुन्या तलवारी असं सगळं बघत पुढे गेली, तर एका काचेच्या पेटीत तिफणीचा हातभर लांबीचा लाकडी नमुना होता. पेटीपुढे शहरातली एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती. धाकटी विचारत होती, "आई, हे काय आहे?" आणि आईला सांगता येत नव्हतं.

रुपरावांनी घसा खाकरला. "तिफण हाये बाई. पेरायची."

"म्हणजे कशी हो?"

मग रुपराव सांगू लागले. या तीन नळ्या, वर हे चाडं. चाड्यात दाणा पडतो तो नळीतून थेट मातीत जातो. "पण बैल हाकलणं काही मोठी गोष्ट नाही. खरं काम चाड्यावरच्या मुठीचं. मूठ सैल झाली तं दाट पेरा होते, आवळली तं मधी जागा रिकामी राह्यते." आजूबाजूची आणखी चार माणसं ऐकायला थांबली होती. रुपरावांनी गोपिकेकडे हात केला. "आमच्या इथं चाड्यावर हे राह्यते. सूत लावून आखल्यावानी ओळ येते हिची. पंचक्रोशीत अशी मूठ नाही."

मुलींनी लगेच गोपिकेच्या हाताकडे पाहिलं. गोपिकेनं हात पदराखाली घेतला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण हे त्यांनी तिला घरात कधी म्हटलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "किती चांगलं समजावून सांगता तुमी."

रात्री यमुताईच्या आईनं दोघांना आग्रहानं वाढलं आणि लेकीची एकेक गोष्ट विचारून घेतली. रविवारी सकाळी भोसल्यांचा वाडा बाहेरून पाहिला, कल्याणेश्वराचं दर्शन घेतलं आणि मग दोघं तेलंखेडीच्या तलावावर गेली. तिथे बेत बिघडला. पाण्यावर ऊन पडलं होतं, वारा गार होता, आणि रुपराव काठावर बसले ते उठेचनात.

"अजून किल्ला राह्यला. इतवारी राह्यली," गोपिका म्हणाली.

"राहू दे ना वं. बस जराशी."

ती बसली. गाडीची वेळ होईपर्यंत दोघं तिथेच होती.

सोमवारी सकाळी गोपिका आधी यमुताईकडे गेली. तिच्या आईनं दिलेली लाडवांची पुरचुंडी हातात ठेवली आणि माहेरच्या घरात काय काय आहे, अंगणातली तुळस कशी आहे, हे सगळं सांगितलं. यमुताई ऐकता ऐकता डोळे पुसत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती.

तिकडे चावडीवर मारोतराव पाटलांनी रुपरावांना विचारलं, "का गा, माल तं नव्हता. मंग नागपुरात काय करून राह्यला होता दोन दिवस?"

"नागपूर पाहून राह्यलो होतो," रुपराव म्हणाले. "आमच्या मंडळीनं दाखवलं."

माणसं हसली. रुपरावही हसले, आणि मग अजब बंगल्यापासून सुरू करून त्यांनी सगळं सावकाश सांगितलं.